नव्या माणसाच्या हाती फिरकी द्या

बडोद्यातल्या मांजलपूरच्या एका मराठी मंडळाच्या चिटणीस ताईंनी विचारलं आहे: "आमच्या भागात दर वर्षी दहा-बारा नवी मराठी कुटुंबं येतात. कोणी धुळे-नंदुरबारकडचं, कोणी सोलापूरचं. नवरा मकरपुऱ्याच्या कारखान्यात नाहीतर बँकेत, बायको बहुतेक घरी. गणपतीला, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही घरी जाऊन आमंत्रण देतो. एकदा येतात, नीट बसतात, बोलतात आणि मग दिसत नाहीत. जूनमध्ये शनिवारचा गुजराती वर्ग काढला. चौदा जणी आल्या, ऑगस्टपर्यंत तिघी उरल्या. स्वयंसेवेच्या कामातून आणि बरोबरीने शिकण्यातून माणूस रुजतो असं तुम्ही म्हणता. ते नेमकं करायचं कसं? आमचं चुकतंय कुठे?"

ताई, तुमच्या प्रश्नातले दोन शब्द माझ्या मनात राहिले: 'नीट बसतात'. पाहुणा आला की आपण त्याला 'बसा' म्हणतो. घरच्या माणसाला म्हणतो, 'ऊठ गं जरा, पाणी भरून आण.' तुमच्याकडे आलेल्या बाईला तुम्ही सतरंजीवर बसवता, अत्तर लावता, वाण देता, गाव विचारता आणि दारापर्यंत सोडायला जाता. सगळं मनापासून. पण घरी परतताना तिला एकच गोष्ट कळलेली असते: इथलं सगळं माझ्याशिवाय छान चाललं आहे. पुढच्या वेळी ती आली नाही तर कोणाचंही काही अडणार नाही. म्हणून ती येत नाही. यात तिचा संकोच थोडा आणि आपल्या आदरातिथ्याची पद्धत जास्त कारणीभूत आहे.

मी बडोद्यात आले 1988 साली, कऱ्हाडहून, लग्न करून. पुढे प्राथमिक शाळेत शिकवलं, आणि गेली 22 वर्षं दांडिया बझारजवळच्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी शनिवारची बैठक चालवते आहे. पण मला स्वतःला बडोद्यात कोणी रुजवलं ते सांगते, कारण माझी सगळी पद्धत तिथूनच आली आहे.

माझी इथली पहिली संक्रांत. माझ्या लेखी संक्रांत म्हणजे सुगडं, तिळगूळ आणि काळी साडी. इथे उजाडायच्या आत सगळी गल्ली गच्चीवर. मी एका कोपऱ्यात, डोक्यावरचा पदर सावरत उभी. शेजारच्या म्हाताऱ्या बा आल्या आणि काही न बोलता त्यांनी माझ्या हातात फिरकी दिली. त्यांचा नातू पतंग उडवत होता. तो 'ढील' म्हणाला की मांजा सोडायचा, 'लपेट' म्हणाला की भराभरा गुंडाळायचा, एवढंच काम. मला पतंग उडवता येत नव्हता, गुजराती तर मुळीच येत नव्हती. पण माझ्या हातात फिरकी अडली असती तर त्याचा पतंग हातचा गेला असता. दुपारी जेवायला खाली उतरलो तेव्हा मला दहा-बारा शब्द येत होते, पेच कसा लावतात ते कळलं होतं आणि चार घरांत मी 'फिरकीवाळां भाभी' झाले होते. त्याआधी तीन महिने त्या चारही घरांनी मला चहाला बोलावलं होतं. चहाने जे झालं नव्हतं ते फिरकीने झालं.

नव्या माणसाला द्यायचं काम असं फिरकीसारखं असावं. छोटं, पण खरोखर लागणारं. जाणत्या माणसाच्या शेजारी उभं राहून करायचं, म्हणजे बघता बघता शिकता येतं. आणि त्याचा परिणाम त्याच दिवशी डोळ्यांना दिसणारं. आपण करतो त्याच्या उलट. एकतर नव्या माणसाला काहीच देत नाही, किंवा जे कोणालाच नको असतं ते देतो. पुरुष असेल तर खुर्च्या उचल, बाई असेल तर महाप्रसादाच्या पुऱ्या लाट. पुऱ्या लाटणं हलकं काम नाही, पण ती ते घरी रोज करते. त्यातून तिला शहराची नवी ओळख होत नाही आणि शहराला तिची होत नाही. चार तास ती भिंतीकडे तोंड करून बसते आणि घामाघूम होऊन घरी जाते.

त्याऐवजी किल्ली द्या. मी हे शब्दशः म्हणते आहे. आमच्या खोलीची एक किल्ली नेहमी सर्वांत नव्या माणसांपैकी कोणाकडे तरी असते. शनिवारी चार वाजता तिने दार उघडलं नाही तर पंधरा माणसं जिन्यावर उभी राहतात. पहिल्यांदा ऐकलं की लोक घाबरतात: अनोळखी माणसाला किल्ली? पण आत पुस्तकं, सतरंज्या आणि एक जुना पंखा आहे. आणि इतक्या वर्षांत एकदाही पस्तावायची वेळ आली नाही. किल्ली मिळालेली बाई पहिल्या शनिवारी पावणेचारलाच येते. दुसऱ्या शनिवारी येताना शेजारणीला घेऊन येते. तिसऱ्या आठवड्यात तिला यायला जमणार नसेल तर ती कोणाला तरी फोन करून किल्ली पोचवायची व्यवस्था करते, म्हणजे तोवर तिला शहरात असा फोन करण्याजोगं एक माणूस मिळालेलं असतं.

कामाला मुदत मात्र हवी. हे मी चूक करून शिकले. काही वर्षांपूर्वी जळगावहून एक ताई आल्या होत्या. अक्षर मोत्यासारखं, हिशेब चोख. आम्हाला इतका आनंद झाला की आधी वर्गणीची वही त्यांच्याकडे दिली, मग पुस्तकांची नोंद, मग गणपतीचा जमाखर्च, मग सहलीचं आरक्षण. नाही म्हणणं त्यांना अवघड होतं, कारण त्या नव्या होत्या. आठ महिन्यांनी मुलाच्या परीक्षेचं कारण सांगून त्या थांबल्या त्या कायमच्या. मी घरी गेले तेव्हा म्हणाल्या, "तुम्ही सगळे माझ्या कामाला ओळखत होतात, मला कोणी ओळखत नव्हतं." हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. तेव्हापासून एका माणसाला एकच काम, आठवड्याला दोन तासांच्या वर नाही, सोबत एक जोडीदार, आणि आधीच सांगायचं: 'हे दिवाळीपर्यंत.' दिवाळीला काम सुटतं. पुढे घ्यायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं. मुदत असली की लोक आनंदाने 'हो' म्हणतात, आणि गंमत म्हणजे बहुतेक जण पुढेही थांबतात.

आता तुमच्या वर्गाकडे वळते. चौदाच्या तिघी का झाल्या? मला तुमचा वर्ग न बघताही अंदाज येतो, कारण आमचाही पहिला वर्ग असाच विरघळला होता. पुढे फळा, फळ्याशी गुजराती शिकवणाऱ्या बाई, समोर रांगेत बसलेल्या आपल्या बायका, आणि पहिला धडा क-ख-ग. तिथेही आपण त्यांना पुन्हा 'बसा'च म्हटलं. शिवाय ज्या बाईने गावी बारावीपर्यंत शिक्षण केलं, मुलांचे अभ्यास घेतले, तिला पस्तिसाव्या वर्षी परत बालवर्गात बसवलं.

मराठी माणसाला गुजराती लिपी क-ख-ग पासून शिकवायची गरजच नाही. शिरोरेघ पुसली की ग, घ, त, न, प, म, र, व, स ही अक्षरं जवळपास आपलीच आहेत. आकडेही बहुतेक ओळखीचे. अडवणारी अक्षरं मोजकी: अ, इ, क, ख, च, ज, झ, फ, ब, ल. ही दहा अक्षरं एका कागदावर मोठी काढून स्वयंपाकघरात फळीवर चिकटवा. तीन आठवड्यांत दुकानाच्या पाट्या वाचता येतात. आमच्याकडे पहिल्या दिवशी प्रत्येकीने घरून लाइटबिल आणायचं असतं. 'छेल्ली तारीख' म्हणजे शेवटची तारीख कुठे आहे, 'भरवापात्र रकम' म्हणजे भरायची रक्कम किती आहे, हे शोधायचं. दुसऱ्या दिवशी मुलाच्या शाळेच्या गटावर आलेला निरोप. तिसऱ्या दिवशी खंडेराव मार्केट, प्रत्यक्ष. 1906 साली बांधलेली ती देखणी इमारत बाहेरून सगळ्यांना माहीत असते, पण तिथे जाऊन 'डुंगळी अढीसो' म्हणून पाव किलो कांदा घेणं हा खरा धडा. रींगण म्हणजे वांगं, बटाका म्हणजे बटाटा, आणि भाव कसा करायचा हे फळ्यावर शिकवता येत नाही.

सगळ्यांत अडचण येते ती न कळणाऱ्या शब्दांची नव्हे, कळले असं वाटणाऱ्या शब्दांची. शेजारीण म्हणते, 'हुं हमणां नवरी छुं, आवो ने.' ती सांगते आहे की मी आत्ता मोकळी आहे, या ना. आपल्या कानाला ऐकू येते लग्नातली नवरी. कचेरीतला माणूस म्हणतो, 'काले आवजो.' आपल्याला 'काल' ऐकू येतं आणि वाटतं, काल यायला हवं होतं, मुदत गेली. गुजरातीत 'काले' उद्याही असतो आणि कालही. 'आवजो' म्हटल्याबरोबर तो उद्याचाच. असे एकेक शब्द गोळा करायची आमच्याकडे एक वही आहे. ती वही कोणी शिक्षकाने लिहिलेली नाही. फसलेल्या माणसाने ज्या दिवशी फसला त्या दिवशीच लिहिली आहे. नवी येणारी बाई ती वही वाचते, हसते आणि आपला शब्द भरते. ते तिचं पहिलं योगदान.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. शिकणं दोन्ही बाजूंनी हवं. ज्या दिवशी नवी बाई काही शिकवते त्या दिवशी तिची पाठ ताठ होते, हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे. म्हणून आमच्या वहीत प्रत्येक नावापुढे दोन रकाने असतात: काय शिकायचंय आणि काय शिकवता येईल. दुसऱ्या रकान्यावर बहुतेक जणी 'काही नाही' लिहितात. ते मान्य करायचं नाही. त्यांच्याशी अर्धा तास बोला. खानदेशातून आलेल्या एकीने असंच 'काही नाही' लिहिलं होतं. बोलता बोलता कळलं की ती मांडे करते, उलट्या खापरावर, हातावर मोठे केलेले. आमच्या गुजराती शेजारणींनी असा प्रकार जन्मात पाहिला नव्हता. तिने चार शनिवार मांडे शिकवले, आणि शिकवताना लागतील तेवढे गुजराती शब्द तिला तोंडपाठ झाले, कारण 'पातळ', 'भाज', 'सांभाळ, फाटेल' हे तिला घाईघाईत ओरडून सांगावं लागत होतं. सोलापूरच्या एका फिटरने पंख्याचा कपॅसिटर बदलायला आणि मिक्सर उघडायला पोरांना शिकवलं. त्याची पाळी फिरती असल्यामुळे आम्ही वार बदलला. कारखान्यातल्या माणसाची सुटी शनिवार-रविवारीच असते असं धरून चालू नका. तुमच्या वर्गाला पुरुष एकही नाही, त्याचं अर्धं कारण घड्याळात असेल.

बडोद्याला हे दोन्ही बाजूंचं शिकणं नवं नाही. अरविंद घोष सातव्या वर्षी इंग्लंडला गेले आणि 1893 साली संस्थानाच्या नोकरीसाठी इथे आले तेव्हा त्यांना स्वतःची बंगालीसुद्धा धड येत नव्हती. तेरा वर्षं ते इथे राहिले. बडोदा कॉलेजात फ्रेंच आणि इंग्रजी शिकवत होते आणि त्याच काळात मराठी, गुजराती, संस्कृत शिकत होते. बंगालीसाठी तर दिनेंद्रकुमार रॉय नावाचे लेखक त्यांच्या घरीच येऊन राहिले होते. कॉलेजात शिक्षक, घरी विद्यार्थी. मला हे उदाहरण आवडतं ते मोठ्या नावामुळे नव्हे. परक्या गावी आलेल्या माणसाला आपली मायबोलीही नव्याने शिकता येते, हे त्यात दिसतं म्हणून. आमच्या बैठकीत वाढलेल्या बडोदेकर मराठी मुलींना मराठी वाचता येत नाही, बोलता येतं. त्यांना वाचायला कोण शिकवतं? नुकत्याच महाराष्ट्रातून आलेल्या बायका. आणि त्या मुली त्यांना गुजराती वाचायला शिकवतात. दोघींनाही एकमेकींची गरज आहे. कोणावर कोणाचे उपकार नाहीत.

मुलांचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. 2023 च्या कायद्याने गुजरातमधल्या शाळांत पहिली ते आठवीपर्यंत गुजराती शिकवणं सक्तीचं आहे. म्हणजे नव्याने आलेलं मूल सहा महिन्यांत आईच्या पुढे जातं. मग दवाखान्यात, बँकेत, शाळेत ते मूलच आईचा दुभाष्या होतं. सुरुवातीला कौतुक वाटतं. पण आठ वर्षांचं पोर जेव्हा शिक्षिकेची तक्रार आईला स्वतःच्या सोयीने भाषांतर करून सांगू लागतं तेव्हा घरातला तोल बिघडतो. आईचा शब्द हलका होतो. म्हणून वर्गात आईला आणि मुलाला एकत्र बसवू नका. आईला मुलाच्या आधी दोन आठवडे तोच धडा द्या. घरी जाऊन तिने मुलाचा गृहपाठ तपासला पाहिजे. हे तुम्हाला किरकोळ वाटेल, पण मला विचाराल तर सगळ्या वर्गाचं सोनं इथे आहे.

नवरात्रात काय करायचं तेही तुम्ही पुढे विचारालच. बडोद्याचा मोठ्या मैदानावरचा गरबा पाहून नवी माणसं हरखून जातात आणि तितकीच बुजतात. हजारो लोक एका तालात फिरत असताना नवख्याने आत शिरायचं कसं? त्याला सोसायटीतला शेरी गरबाच बरा. आमच्याकडे घटस्थापनेच्या आधीचे दोन आठवडे कॉलेजच्या मुली गरब्याचे प्रकार शिकवतात: बे ताली (दोन टाळ्यांचा), त्रण ताली (तीन टाळ्यांचा) आणि मग दोढियुं. आणि नवरात्रातल्या एका संध्याकाळी त्याच अंगणात आपल्या बायका पाटावर हत्ती काढून भोंडला घालतात. मधे छिद्रांच्या मडक्यातला दिवा असो की पाटावरचा हत्ती, भोवती फेर धरणं दोघींकडे आहेच. खिरापत ओळखण्याचा खेळ गुजराती मुलींना इतका आवडला की आता डबे त्याच आणतात आणि आपल्याला ओळखायला लावतात. पाच वेळा हरल्यावर एकदा आम्हाला 'हांडवो', म्हणजे डाळ-तांदळाचा तिखटमिठाचा जाड केक, ओळखता आला.

कामाची खरी कसोटी मात्र सणात लागत नाही. 31 जुलै 2019 ला बडोद्यात एका दिवसात जवळपास 500 मिलिमीटर पाऊस पडला. तेव्हा आम्हाला कळलं की आपल्याच भागात कोण कुठे राहतं हे आपल्याला ठाऊक नाही. एका तळमजल्यावर तान्हं बाळ घेऊन एक नवं जोडपं दीड दिवस पलंगावर बसून होतं. दोन घरं सोडून आमचे कार्यकर्ते राहत होते, पण त्यांना पत्ताच नव्हता. पाणी ओसरल्यावर आम्ही एक वही केली. तळमजल्यावर कोण, एकटं कोण राहतं, कोणाकडे तान्हं आहे, कोणाला रोजचं औषध लागतं, कोणाचं इन्सुलिन फ्रिजमध्ये आहे. ही वही दर सहा महिन्यांनी घरोघर जाऊन ताजी करायची. हे काम आम्ही जाणूनबुजून नव्या माणसांना दिलं, कारण त्या निमित्ताने त्यांना प्रत्येक दार वाजवावं लागतं आणि प्रत्येक दाराला त्यांचा चेहरा माहीत होतो.

मग 2024 चा ऑगस्ट आला. जन्माष्टमीच्या दिवसांत विश्वामित्री नदी शहरात शिरली. मगरी रस्त्यावर आल्याची चित्रं तुम्ही पाहिलीच असतील. वीज गेली, खालची घरं पाण्यात. तेव्हा वही होती नंदुरबारहून चार महिन्यांपूर्वी आलेल्या एका परिचारिका मुलीकडे. तिने पहिल्या रात्रीच यादीतल्या आठ तळमजल्यांना वर हलवायला लावलं. इन्सुलिनवाल्या तिघांना तिने समजावून सांगितलं की वापरात असलेली बाटली काही दिवस बाहेर राहिली तरी चालते, फक्त उन्हात किंवा गरम जागी नको. आणि थर्मासमध्ये ठेवलीत तर बर्फाला टेकू देऊ नका, गोठलं की ते वाया गेलं. तिचं गुजराती अजून मोडकंतोडकं होतं. कोणाच्या लक्षातही आलं नाही. दहा-बारा दिवसांनी गणपती बसले तेव्हा त्या मुलीला कोणी आमंत्रण द्यायला गेलं नाही. ती आदल्या रात्री मखराच्या दिव्यांच्या माळा सोडवत खोलीतच होती.

यापुढचं थोडं कडू आहे, पण ते टाळून तुम्हाला उत्तर देणं मला प्रामाणिक वाटणार नाही. बडोद्यात राहून परक्या माणसाच्या रुजण्याबद्दल बोलायचं आणि 1917 साल विसरायचं, हे होऊ नये. बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकलेले बाबासाहेब आंबेडकर ठरल्याप्रमाणे संस्थानाच्या नोकरीसाठी इथे आले. राहायला जागा मिळेना. जात लपवून, पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्याने त्यांना जागा सोडायला लावली. ओळखीच्या दोन मित्रांकडे विचारलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही ठेवून घेतलं नाही. रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी कमाटीबागेत बसून काढला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. बागेतली ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. राजाने शिष्यवृत्ती दिली, नोकरी दिली. गावाने एक खोली दिली नाही.

आता आपल्या मंडळाकडे बघा. नवं कुटुंब आलं की आपला पहिला प्रश्न कोणता असतो? 'आडनाव काय?' आणि दुसरा, 'मूळचे कुठले?' आपल्याला वाटतं आपण आपुलकीने विचारतो. ज्याला त्या प्रश्नाचा जन्मभराचा अनुभव आहे त्याला तो कसा ऐकू येतो, याचा विचार करा. ती चौदातली एखादी तिथेच परत गेली नसेल कशावरून? आमच्या वहीत आडनावाचा रकाना नाही. पहिलं नाव, फोन, घर कितव्या मजल्यावर, शिकायचं काय, शिकवायचं काय. भाड्याची खोली शोधून द्यायला आमचे कार्यकर्ते जातात तेव्हा घरमालकाने जात विचारली तर उत्तर द्यायचं नाही आणि ते घर यादीतून काढायचं, असं आम्ही ठरवलेलं आहे. यामुळे दोनदा चांगली घरं हातची गेली. त्याचं मला दुःख नाही.

हळदीकुंकवाचंही तसंच. कारखान्यात नवरा गमावून भावाकडे येऊन राहिलेली, नवऱ्यापासून वेगळी झालेली, नोकरीसाठी एकटी आलेली, अशा बायका आता पुष्कळ येतात. तुम्ही आमंत्रण द्यायला जाता तेव्हा त्यांच्या दारावरून पुढे जाता, किंवा बोलावलं तरी कुंकवाची कोयरी त्यांच्यापुढून सरकते. नव्या गावात पहिल्याच महिन्यात असं झालं की त्या पुन्हा कशाला येतील? आम्ही संक्रांतीचा कार्यक्रम तिळगुळाचा केला. सगळ्यांना वाण, सगळ्यांना तिळगूळ. ज्यांना कुंकू लावायचं त्या लावतात. सुरुवातीला आमच्यातल्याच दोन ज्येष्ठ ताई नाराज झाल्या होत्या. आता तिळगूळ त्याच वळतात.

कागदपत्रांचं काम थोडक्यात सांगते, कारण ते सोपं आहे आणि कोणीही करू शकतं. भाडेकराराची पोलीस ठाण्यात नोंद. अन्नसुरक्षेतलं महाराष्ट्राचं रेशनकार्ड असेल तर त्यावर आधारच्या ओळखीने इथल्या दुकानातही धान्य मिळतं, हे अनेकांना माहीत नसतं आणि ते कार्ड रद्द करायला निघतात. मतदार यादीतला पत्ता बदलायला फॉर्म 8. मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्मदाखला मूळ प्रत. हे सगळं गेल्या वर्षी आलेल्या माणसाने या वर्षी आलेल्याला सांगावं. त्याला वाटेतले खड्डे ताजे आठवत असतात. माझ्यासारख्या पस्तीसहून जास्त वर्षांपूर्वी आलेल्या बाईला ते आठवत नाहीत.

आणि जागेबद्दल एक शब्द. मंडळाचं कार्यालय नको, वाचनालय शोधा. सयाजीराव महाराज स्वतः नाशिककडच्या कवळाण्याहून बाराव्या वर्षी या शहरात आले. अक्षरओळख इथे येऊन झाली. त्याच राजाने 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि 1910 मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून गावोगाव वाचनालयांचं जाळं विणलं. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून खेड्यांत पाठवली. त्यातून बडोद्याला एक सवय लागली, की वाचनालयात कोणीही, काहीही काम नसताना, जाऊन बसू शकतं. कार्यालयात जाणाऱ्याला कोणीतरी विचारतं, 'काय काम होतं?' वाचनालयात विचारत नाहीत. नव्या माणसाला पहिले दोन-तीन महिने अशी जागा लागते. तिथे तो वर्तमानपत्रामागून सगळ्यांकडे बघत बसतो आणि तयार झाला की पेपर खाली ठेवतो. त्या क्षणी कोणीतरी फिरकी घेऊन शेजारी असायला हवं.

मराठी-मराठींनीच एकत्र राहायचं का, हेही लोक विचारतात. सुरुवातीला हो. पहिला हात आपल्या भाषेतला असला की भीती जाते. पण तीन-चार महिन्यांनंतर काम आपल्या घोळक्याबाहेरचं द्या: शेजारच्या शाळेत गोष्ट सांगणं, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचं वेळापत्रक, ज्येष्ठांबरोबर दवाखान्यात जाणं. नाहीतर दहा वर्षं बडोद्यात राहूनही शेव-उसळीला 'इकडची मिसळ' म्हणत राहणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना हे शहर कधी भेटलंच नाही.

तुमच्या वर्गात उरलेल्या त्या तिघींना पुढच्या शनिवारी फळ्यासमोर बसवू नका. चहा करा, आणि त्यांनाच विचारा की न येणाऱ्या अकरा जणी कुठे राहतात आणि कोण कोणाकडे जाईल. शिकवणाऱ्या बाईंनाही बरोबर जाऊ द्या. जाताना हातात वही असू द्या, ते दोन रकाने आखलेली. आणि खोलीची किल्ली त्या तिघींतल्या सर्वांत उशिरा आलेल्या बाईकडे द्या, दिवाळीपर्यंत.